पोटात ठेवणारी पेटी

मी एक जुनी लाकडी पेटी आहे, मित्रांनो. भिंतीवर टांगलेली, पोटात चोवीस खण, पुढे एकच दार आणि दाराला एकच कुलूप. माझा उजवा कोपरा खरवडलेला आहे. त्याचा मला अजून राग येतो, पण ते नंतर सांगते.

सुताराने मला एका लॉजसाठी बनवले. खोल्यांच्या चाव्या माझ्या खणांत राहत. लॉजच्या मालकीणबाई भारी कडक. कोणत्या खोलीत कोण उतरले आहे, हे त्या कोणाला म्हणजे कोणालाही सांगत नसत. "माणूस इथं झोपायला येतो, दवंडी पिटायला नाही," असे म्हणून विचारणाऱ्याला वाटेला लावत. मला वळण लागले ते तिथेच. जे पोटात ठेवले ते पोटातच राहिले पाहिजे.

पुढे लॉज बंद पडला. मला गोदामात रंगाच्या डब्यांमागे ढकलले, तेही तोंड भिंतीकडे करून. कोपरा तेव्हाच खरवडला. येणारा जाणारा मला अडगळ म्हणे. आयुष्यभर इमानाने काम केलेल्याला हा शब्द फार लागतो, मित्रांनो.

शेवटी एका कारखान्याने मला विकत घेतले. तिथे औषधांच्या गोळ्या खोक्यांत भरतात. बोलता बोलता एका खोक्यातल्या गोळ्या दुसऱ्यात गेल्या तर रोग्याच्या जिवाशी खेळ, म्हणून आत फोन न्यायला बंदी. कामाला जाताना बायका आपापला फोन माझ्या खणात ठेवू लागल्या. चावी कारखान्याच्या दारावर बसणाऱ्या काकूंकडे असे. या काकू चष्मा कपाळावर चढवून तोच चष्मा घरभर शोधणाऱ्यांपैकी. पण चावी कधी इकडची तिकडे झाली नाही. त्यांचे घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालते.

बायकांचा फोनवर एक ग्रुप होता. त्यात पोरांची दुखणी असत, सासवांच्या कागाळ्या असत आणि अधूनमधून कारखान्याच्या साहेबांवरची चेष्टाही असे. साहेबांनी जेवणाची सुट्टी निम्मी केली, त्या संध्याकाळी मिरचीने ग्रुपवर लिहिले, "आपले साहेब म्हणजे रिकामं खोकं. वर लेबल तेवढं झकास." मिरची हे तिचे मैत्रिणींनी ठेवलेले नाव, आणि ते उगाच ठेवलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी सुटल्यावर माझ्यासमोर उभ्या राहून सगळ्या ते वाचून पोट धरधरून हसल्या. काकूही हसल्या.

मग एके दुपारी साहेब तडक माझ्यापाशी आले. चेहरा उतरलेला होता. त्यांना ते वाक्य लागले होते, आणि लागण्यासारखे होतेच.

"काकू, पेटी उघडा," ते म्हणाले. "तुमच्यातल्याच एकीनं मला ते वाक्य दाखवलं. पण नावावर अंगठा ठेवून. किती विचारलं तरी अंगठा काढेना. आता मी एकेकीला बोलावतो. प्रत्येकीनं माझ्यासमोर फोन उघडायचा."

"नाही, साहेब."

"पेटी कंपनीची आहे!"

"पेटी कंपनीची. आतलं ज्याचं त्याचं."

"तुम्हीसुद्धा हसला असाल."

"हसले. खोटं कशाला बोलू? तुम्हाला लागलं, त्याची माफी मागते. पण त्या बायकांनी फोन माझ्या भरवशावर ठेवलेत. चावी मिळायची नाही."

साहेबांनी माझ्या दाराला हिसका दिला. खरे सांगते, माझे कुलूप लेचेपेचे आहे. पण मी बिजागऱ्या आवळून धरल्या. तुटले तरी चालेल, उघडायचे नाही, असे मी ठरवले होते. दुसऱ्या हिसक्यालाही मी दाद दिली नाही.

"मग उद्यापासून येऊ नका," साहेब म्हणाले.

"उद्याचं उद्या. आज सुटेपर्यंत चावी माझ्याकडे आहे," असे म्हणून काकू माझ्याकडे पाठ करून बसल्या. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

सुटल्यावर काकूंनी एकेकीचा फोन तिच्या हाती दिला आणि घडले ते सांगितले. मिरचीने क्षणभरही वाट पाहिली नाही. ती थेट माझ्या समोरच्या साहेबांच्या खोलीत गेली. बाकीच्या तिच्यामागे दाराशी दाटल्या.

"मी लिहिलं, साहेब. तुम्हाला तसं म्हणायला नको होतं, चुकलं माझं. पण सुट्टी कापलीत ती तुमचीही चूक. तोंडावर सांगायची छाती नव्हती, म्हणून आपसांत बोललो. काढायचं तर मला काढा. काकूंना कशाला?"

साहेबांनी दाराशी दाटलेल्या सगळ्यांकडे एकवार पाहिले. मग म्हणाले, "काकूंना म्हणावं, उद्या या." सुट्टी मात्र अजून निम्मीच आहे. मिरची दर आठवड्याला खोलीत जाऊन ती मागते.

दुसऱ्या सकाळी रांग लागली, पण फोन कोणी ठेवीना. "काकू, काल मधल्या सुट्टीत साहेबांना दाखवायला फोन मागून कोणी नेला होता? तुम्हाला माहीत असणारच. नाव सांगा, मगच ठेवतो," मिरची म्हणाली.

काकूंना माहीत होते. मलाही माहीत होते, कारण त्या दुपारी माझा एकच खण रिकामा झाला होता.

"साहेबांना तुझं नाव नाही सांगितलं," काकू म्हणाल्या, "तुला तिचं नाही सांगणार. आणि तुझ्या नावावरचा अंगठा तिनंही शेवटपर्यंत काढला नाही गं. मग तिच्या नावावरचा मी काढू?"

मग मिरचीने आपला फोन ठेवला आणि रांग पुढे सरकली. ती बाईही आली. फोन ठेवताना तिची बोटे माझ्या लाकडावर जरा जास्त रेंगाळली.

मित्रांनो, कोणी भरवशाने तुमच्या हाती काही दिले तर ते सांभाळा. मग कोणी हिसके देवो, नाहीतर रागाने रुसून बसो. मी ती कोण हे तुम्हालाही सांगणार नाही.