सहाबारीची बाजू

आरोपीच्या वकिलांनी पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि दोन बोटांनी निकोलसच्या बाजूला सरकवलं. निकोलसने हात मागे घेतले, कोटाला पुसले आणि पाठीशी बांधले.

"घ्या की हातात," वकील म्हणाले. "रिकामं आहे."

"रिकामं आहे म्हणतात, म्हणूनच घेत नाही," निकोलस म्हणाला.

तंबूत हशा पिकला. मॅजिस्ट्रेटसाहेब दौऱ्यावर होते आणि त्यांचा तंबू कल्याणच्या तळ्याकाठी ठोकला होता. दुभाष्याने ते वाक्य इंग्रजीत सांगितलं तेव्हा तेही मिशीतल्या मिशीत हसले. निकोलसला फार बरं वाटलं. घात खरं तर तिथेच झाला होता.

खटला साधा होता. कळव्याला खाडीकाठी बार्लोसाहेबाच्या विटांच्या भट्ट्या होत्या. राणीच्या हीरक ज्युबिलीच्या वर्षी त्याने जर्मनीहून नव्या तऱ्हेचं पिस्तूल मागवलं. एक गोळी सुटली की पुढचं काडतूस आपोआप नळीत येऊन बसायचं. पुढच्या फाल्गुनात एका संध्याकाळी तो शेजारच्या मिठागराच्या बांधावर बाटल्या फोडत होता आणि त्याच्या बंदुका सांभाळणारा निकोलस जवळ उभा होता. बाटल्या संपल्या. साहेबाने पिस्तुलाच्या मुठीतली काडतुसांची डबी काढून निकोलसच्या हातावर ठेवली आणि मिठाच्या पाट्या घेऊन समोरून येणाऱ्या बायकांवर गमतीने पिस्तूल रोखलं.

"साहेब, एक आत राहतं," निकोलस म्हणाला.

साहेबाने हसून डोळा मिचकावला आणि चाप ओढला. सगळ्यात पुढची शेवंती पाटीसकट बांधावर पडली ती उठली नाही.

मागून येणाऱ्या बायकांनी आवाज ऐकला होता, पण साहेब आणि निकोलस यांच्यात काय बोलणं झालं ते त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. साहेबाचं म्हणणं असं, की मला कोणी काही सांगितलं नाही, मी ते रिकामं समजलो. म्हणजे सगळा खटला 'एक आत राहतं' या तीन शब्दांवर उभा होता. ते शब्द मॅजिस्ट्रेटला खरे वाटले, तर साहेब जाणूनबुजून बेपर्वाईने वागला असं ठरणार होतं. शेवंतीचा नवरा राघो याला एवढंच हवं होतं. माझी बायको नशिबाने गेली नाही, या माणसाने मारली, असं कोणीतरी मोठ्या खुर्चीवर बसून म्हणावं.

निकोलसने साक्षीला उभं राहायचं कबूल केलं आणि त्याच दिवशी साहेबाची नोकरी सोडली. यात त्याची बहादुरी होती, ती नाकारता यायची नाही. ठाण्यातल्या त्याच्या आळीत असं करणारा दुसरा माणूस निघाला नसता. पण निकोलसला एक खोड होती. जन्म साहेबलोकांच्या बंदुका पुसण्यात गेलेला, आणि त्यातलं ज्ञान ऐकायला माणूस मिळायचा नाही. देवळाच्या सणाला पोरांनी फटाका उडवला तरी हा तिथून सुरू करून रिव्हॉल्व्हरवर, म्हणजे त्याच्या भाषेत सहाबारीवर, येऊन पोचायचा. लोक त्याला पाहून वाट बदलत.

सकाळी निघताना त्याची बायको सेसिलिया त्याच्या कोटाची बटणं लावत म्हणाली होती, "इचारतील तवढंच सांग. बंदुकीचं पुराण नको लावू."

"येडी का काय तू," तो म्हणाला होता.

आणि आता ऐकायला अख्खा तंबू होता. दुभाष्या टाक सरसावून बसला होता. वकील तर कान देऊन ऐकत होते. असा श्रोता निकोलसला उभ्या आयुष्यात भेटला नव्हता.

"तुम्हाला हे पिस्तूल आवडत नाही असं ऐकतो," वकील म्हणाले. "का बरं? बाकी सगळे तर याची तारीफ करतात."

"तारीफ करणारे नवे असतात, साहेब. त्यांना वाटतं, जास्त गोळ्या, लवकर गोळ्या, की झालं." निकोलसने घसा साफ केला. "सहाबारीत एखादं काडतूस फुसकं निघालं, तर काय करायचं? पुन्हा चाप ओढायचा. चकरी फिरते, दुसरं काडतूस पुढे येतं. फुसकं राहिलं बाजूला. यात फुसकं निघालं की अख्खं यंत्र तोंड मिटून बसतं. मग दोन्ही हातांनी खेचत बसा. समोर रानडुक्कर असेल तर ते थांबतंय का?"

"नाहीच थांबणार," वकील म्हणाले.

"शिवाय आमची ही खाडीची हवा. मिठाची बारीक पूड उडते ती यात जाऊन बसते. सहाबारी सहा महिने उशाखाली ठेवा, काढा, झाडा. कुरकुर नाही."

"आणि ती रिकामी आहे की भरलेली, हे कसं कळतं?"

इथे निकोलसचा आवाज चढला. त्याने हवेतच सहाबारी उघडून दाखवली, अंगठ्याने चकरी फिरवली. तंबूतले शिपाईसुद्धा पुढे झुकले.

"उघडली की सहा घरं समोर. कोणत्या घरात माणूस आहे, कोणत्यात नाही, दारू प्यालेल्यालाही कळेल. आणि हे? याची डबी काढली की वाटतं पोट रिकामं झालं. पण एक घास याने आधीच घशात ठेवलेला असतो. बाहेरून काही दिसत नाही. लबाड आहे हे, साहेब. सहाबारी कधी खोटं बोलत नाही."

"म्हणजे जाणता माणूसही फसेल?"

"जाणता?" निकोलस हसला. भाषण शिगेला पोचलं होतं आणि त्याला शेवटचा घाव जोरात घालायचा होता. "अहो, मला फसवलंय याने! एकदा नाही, दोनदा!"

हे धादांत खोटं होतं. पिस्तुलाने निकोलसला एकदाही फसवलं नव्हतं. ते पेटीतून निघालं त्या दिवशीच त्याने त्याची खोड ओळखली होती. पण वाक्य झकास जमलं होतं आणि ते तोंडातून निघून गेलं. मागे कनातीलगत उभ्या असलेल्या राघोनेही ते ऐकून मान डोलावली.

वकिलांनी पिस्तूल उचलून आपल्या बाजूला घेतलं.

"तुमच्यासारख्याला दोनदा फसवलं," ते शांतपणे म्हणाले. "आणि तिसऱ्या वेळी, त्या संध्याकाळी, डबी तुमच्या हातात असताना, आत एक आहे हे तुम्हाला मात्र पक्कं ठाऊक होतं. आणि तसं तुम्ही साहेबांना बजावलं. असंच ना?"

तंबूत आता कोणी हसत नव्हतं.

"मी सांगितलं होतं," निकोलस म्हणाला. "देवाशपथ सांगितलं होतं."

"मला आणखी काही विचारायचं नाही."

निकाल इंग्रजीत वाचला गेला. दुभाष्या तोवर बाहेर पाणी प्यायला गेला होता. निकोलसला साहेबांच्या घरांत राहून इंग्रजी कळत होतं, ते त्या दिवशी कळलं नसतं तर बरं झालं असतं. साक्षीदार अनुभवी असून त्याच्याच तोंडून हत्याराचा धोका सिद्ध होतो, इशारा दिल्याचं त्याचं म्हणणं विश्वास ठेवण्याजोगं नाही, आरोपीकडे दोष जात नाही, पिस्तूल तेवढं सरकारजमा व्हावं. मग मॅजिस्ट्रेट उठले आणि बार्लोच्या कोपराला हात लावून त्याला मागच्या कनातीआड जेवणाच्या टेबलाकडे घेऊन गेले. वकील जाता जाता निकोलसच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "काय सुरेख बोलता हो तुम्ही!" त्यात कुचेष्टा नव्हती, आणि तेच जिव्हारी लागलं.

बाहेर उन्हाने तळं पांढरं झालं होतं. राघो चिंचेखाली उभा होता. त्याला पाहून निकोलसने दुसरीकडून निघायचं ठरवलं, पण राघोच धावत आला आणि त्याने वाकून निकोलसच्या पायांना हात लावला.

"काका, काय बोल्लास रं! त्या पिस्तुलाची पार लाज काढलीस. समदे गप झाले."

"राघो..."

"साहेबाला आत नेला, मी बघितला ना. तो गोरा दंडाला धरून नेत होता." राघोचे डोळे भरले होते. "माझी शेवंती आता सुटली. मना येकच सांग, तुला त्यांची भाषा कलते. सजा झाली ना?"

तो अंगावर ओरडला असता, थुंकला असता, तरी निकोलसला चाललं असतं.

"झाली," तो म्हणाला.

"किती वरसं?"

"पिस्तुलाला झाली, राघो. सरकारजमा केलंय. मोडून टाकनार हायेत."

राघो त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. एवढा वेळ बोलणाऱ्या माणसाचं वाक्य अजून संपलं नसेल, असं त्याला वाटत असावं.

"आनि साहेब?"

"जेवतोय," निकोलस म्हणाला.