डाव्या पंखावरचं ठिगळ

"काका, पंखाचं लाकूड शाबूत आहे, एवढंच लिहून सही करा," संग्रहालयाची शर्मिष्ठा म्हणाली. "मग विमान इथंच पत्र्याखाली राहील. नाहीतर मुलुंडच्या नव्या दालनात, एसीमध्ये."

गुणाजी परब हातातल्या पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. संग्रहालयाच्या मरोळच्या आवारात लाकडाचं आणि कापडाचं, दोन सीटचं जुनं विमान उभं होतं. असं दुसरं कुठं उरलं नव्हतं. विमानतळावरून फिटर म्हणून निवृत्त झाल्यापासून, गेली चौदा वर्षं, त्याचं सगळं गुणाजीच करायचे. दर मंगळवारी पुढचा पंखा हातानं फिरवायचा, सांध्यांना तेल द्यायचं. घरी कुंदाबाई चिडवायच्या, "माझ्या ढोपरांक कधी असां तेल चोळलात?"

मुलुंड म्हणजे काच, दोरी आणि पहारेकरी. तिथं गुणाजींना कोण विचारणार? एक सही, की विमान आपल्यापाशी. पण विमानाच्या कागदावर खोटी सही? छे! बत्तीस वर्षांच्या नोकरीत जे केलं नाही ते आता मेलं जमेना.

"ये इकडे," म्हणत त्यांनी डाव्या पंखावर बोटांच्या पेरांनी ठोकलं. टणटणीत आवाज आला. हातभर पुढं ठोकलं. भद्द.

"कुजलंय गं. गेल्या पावसाळ्यातच कळलं मला. वरनं कापडाचं ठिगळ लावलं, रंग मारला."

"म्हणून शाळेच्या पोरांना वर चढू देत नव्हतात? काका, मला सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर नेलं असतंस." त्यांचे डोळे भरून आले. "चुकलं माझं. ने त्याला. इथं दमट हवेत मरून जाईल ते."

दिवाळीनंतर दालन उघडलं. गुणाजी इस्त्रीचा शर्ट घालून, कुंदाबाईंना घेऊन गेले. विमान काय झकास दिसत होतं! डाव्या पंखात नवं लाकूड बसवलं होतं म्हणे. न राहवून त्यांनी दोरीवरून हात पुढं केला, ठोकून बघायला.

"ओ आजोबा, हात नाही लावायचा!" पहारेकरी ओरडला.

कुंदाबाई उसळल्या. "अरे मेल्या, ह्यांनीच तर..."

"बरोबर बोलतोय तो," गुणाजी म्हणाले. "घामानं कापड खराब होतं."

मग दोन्ही हात पाठीमागे धरून त्यांनी विमानाभोवती एक सबंध फेरी मारली, पूर्वी विमानतळावर दर उड्डाणाआधी मारायचे तशी.