घरातला आवाज

बसस्थानकावर घोषणा करणाऱ्या बाईंचा आवाज सगळ्या शहराला पाठ होता. गाडी चुकलेला माणूससुद्धा त्या आवाजावर चिडत नसे, इतका तो गोड. आणि त्याच बाई घरी तोंड उघडत, तेव्हा फळीवरची भांडी चळचळा कापत, असं त्यांचा नवरा सांगे. तो आगारात गाड्या दुरुस्त करायचा. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. जन्मभर बोलणी खाल्ली बिचाऱ्याने, पण सांगायचा ते कौतुकाने.

मग बाईंची जीभ जड व्हायला लागली. हळूहळू सगळे स्नायू निकामी करणारा आजार, आणि त्यावर इलाज नाही. आधी वाचा जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. त्याच दवाखान्यात एक संशोधन चाललं होतं. वाचा जायच्या आत पेशंटचा आवाज टिपून ठेवायचा. पुढे पेशंट जे टाइप करील, ते यंत्र त्याच्याच आवाजात बोलणार. बाईंनी लगेच होकार दिला. काचेच्या बंद खोलीत ताठ बसून समोरची सगळी वाक्यं वाचली.

यंत्र तयार झालं. संशोधन करणाऱ्या मुलीने बाईंना काहीतरी टाइप करायला सांगितलं. बाईंनी लिहिलं, 'अहो, जेवून घ्या.' यंत्र बोललं. स्वच्छ, गोड, एकेका शब्दावर थांबत. आता कितव्या फलाटावर जेवायचं तेही सांगतंय की काय, असं मिस्त्रीला वाटलं. तो हसला आणि हसता हसता थांबला. माइक समोर आला की घोषणेचा आवाज लावायचा, ही बाईंची हाडीमाशी खिळलेली सवय. घरातला आवाज त्यांनी यंत्राला दिलाच नव्हता.

"पुन्हा टिपता येईल?" त्याने मुलीला विचारलं.

"येईल, पण लवकर करायला हवं. आता शब्द अडखळतायत, ते अडखळणंही त्यात उतरेल. आणि बाईंची इच्छा हवी."

"काही नको," बाई म्हणाल्या. "चांगला आहे तो. लोकांनी तोच ऐकलाय."

मिस्त्री आजवर बायकोपुढे कधी अडून बसला नव्हता. "लोकांचं राहू दे गं," तो म्हणाला. "मी काय लोक आहे? तो आवाज घरात बोलायला लागला तर मला परक्याच्या घरी राहिल्यासारखं वाटेल. मला तू हवी आहेस."

बाईंनी यंत्र बाजूला सारलं. मग "बरं" म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ती संशोधन करणारी मुलगी घरी आली. तिने छोटा माइक ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, नेहमीसारखं बोला. आता, असं सांगितल्यावर कोणाला नेहमीसारखं बोलता येतं? बाई पुन्हा गोड. मग मिस्त्रीने कंबर कसली. चिखलाचे बूट घालून तो स्वयंपाकघरात आला. बाई नुसत्या बघत राहिल्या. त्याने दूध उतू जाऊ दिलं. "असू दे," बाई म्हणाल्या. शेवटी त्याने मेव्हणीला नावं ठेवली. एरवी एवढ्यावर बाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं.

"आता कशाला रागावू हो?" त्या हळूच म्हणाल्या. "थोडे दिवस राहिलेत, तेवढे गोडीत जाऊ देत."

हे ऐकलं आणि मिस्त्रीचा धीर सुटला. ओट्यावरून खाली ठिबकलेल्या दुधातच तो बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला. समोर परकी मुलगी उभी आहे याचीही त्याला लाज वाटली नाही.

"अहो!" बाई कडाडल्या. "उठा आधी. मेले का मी, आत्ताच रडायला? आणि दुधात कुठे बसलात, ती विजार कोण धुणार? मी गेल्यावर असंच फतकल मारून बसणार आहात? सकाळी उठायचं, दाढी करायची, वेळेवर दोन घास खायचे. माझ्यामागे उपाशी राहिलात तर याद राखा. ऐकताय ना?"

शब्द एकमेकांत अडकत होते, जीभ मध्येच घसरत होती, पण दरारा तोच. मिस्त्री नाक पुसत मुकाट्याने उठला.

बाईंना धाप लागली. त्या खुर्चीवर टेकल्या. मुलगी माइक हातात घेऊन अवघडून उभी होती. "हे पुसून टाकू का?" तिने विचारलं.

"नको. हाच ठेव," बाई म्हणाल्या. "गोड बोललेलं यांना कळत नाही."