हात परत आण

या, असे जवळ सरकून बसा. एका घाबरलेल्या हाताची गोष्ट सांगायची आहे. ऐकताना आपापले हात मांडीवर असू द्या, म्हणजे त्यांनाही ऐकू येईल.

फिजिओबाईंनी मनगटावरचा पट्टा आवळला आणि मावशींनी डोळे मिटून घेतले. त्यांचा उजवा हात रोबोच्या खोबणीत ओल्या टॉवेलसारखा पडला होता. रोबो म्हणजे त्याला डोळे-तोंड असेल असं त्यांना वाटलं होतं. हा तर नुसता एक लोखंडी हात निघाला, कोपरापासून बोटांपर्यंत आपला हात धरून नेणारा. अर्धांगाचा झटका आल्यापासून मावशींचा हात त्यांचा राहिला नव्हता. जेवताना सून तो उचलून त्यांच्या मांडीवर ठेवी आणि मावशी त्याच्याकडे परक्याच्या सामानाकडे पाहावं तशा पाहत.

आज निकाल लागायचा होता. यंत्र एकच, रांग लांब. हाताने आज जराही दाद दिली नाही, तर ही वेळ दुसऱ्या रुग्णाला द्यावी लागेल, असं फिजिओबाईंनी सुनेला दाराबाहेर नेऊन सांगितलं होतं. दार पातळ होतं. तेव्हापासून मावशींनी देवाला काही सुखाने बसू दिलं नव्हतं. पण एक गोष्ट त्यालाही सांगायची त्यांना लाज वाटत होती. हात जाईल याची भीती होतीच. त्याहून मोठी भीती या यंत्राची होती.

यंत्र घरघरलं. हात पुढे निघाला. समोरच्या पडद्यावर एक चेंडू टोपलीकडे सरकू लागला. मावशींच्या पाठीला घाम फुटला, दातावर दात बसले. टोपली जवळ आली आणि यंत्र खाडकन थांबलं. पडदा लाल झाला.

पट्टा अडकला असेल म्हणून फिजिओबाईंनी तो सोडून पुन्हा बांधला. पुन्हा तसंच झालं. आपल्याच हातून काही फुटल्यासारखी सून ओशाळली.

“आई, हात सैल सोडा ना.”

“माझा असता तर सोडला असता गं.”

फिजिओबाई हसल्या नाहीत. स्टूल ओढून समोर बसल्या आणि भीती कसली वाटते, ते विचारलं. मग मावशींना सांगावंच लागलं. लॉन्ड्रीत त्यांचं आयुष्य गेलं होतं. इस्त्रीच्या मोठ्या गरम रुळाखाली ओल्या चादरी सरकवायच्या, दोघींनी दोन टोकं धरून. रूळ असाच घरघरायचा आणि असाच पुढे ओढायचा. त्यांची जोडीदारीण भारी चपळ, म्हणून सगळ्या तिला खारूताई म्हणत. नवी बाई आली की ही चादरीखालून तिचं मनगट पकडून ओढायची. जिने झटक्यात हात मागे घेतला ती पास. रेंगाळली की, “बाई, हात काय माहेरी विसरून आलीस?” असं सगळ्यांदेखत. कापड जाऊ दे, हात परत आण, हे तिने मावशींकडून इतकं घोटून घेतलं, की झोपेतही त्यांचं मनगट उडायचं.

“मग एकदा रुळाने तिचीच बाही धरली,” मावशी म्हणाल्या.

फिजिओबाईंनी मावशींचा हात यंत्रातून काढला, स्वतःच्या हातात घेऊन पुढे नेला. आधी हळू, मग भरभर. हात लुळा, नेला तिकडे जाणारा. पुन्हा खोबणीत ठेवला, यंत्र सुरू केलं. पडदा लाल.

“मावशी, हे बिघडत नाहीये. कुणी मागे ओढलं की ते थांबतं,” त्या सावकाश म्हणाल्या. “आणि इथे ओढणारं तुमच्याशिवाय कुणी नाही.”

सुनेने पदर तोंडाला लावला. आता भीतीने नको, मुद्दाम ओढून दाखवा, असं फिजिओबाई म्हणाल्या. मावशींनी जीव एकवटून पाहिलं, पण हात ढिम्म. चेंडू आरामात टोपलीत पडला. पुन्हा तेच. जी देवालाही सांगायची लाज वाटली, ती भीतीच तेवढी हाताला ओळखत होती.

मग मावशी कोपऱ्यातल्या खाटेकडे मान वळवून सुनेला म्हणाल्या,

“ती चादर माझ्या हातावर टाक.”

सुनेने टाकली. पांढऱ्या कापडाखाली हात दिसेनासा झाला. या खेपेला मावशींनी डोळे उघडे ठेवले. यंत्र घरघरलं. चादर पुढे निघाली, रुळाकडे जावी तशी.

पडदा लाल झाला. नंतर पुन्हा झाला. फिजिओबाई म्हणाल्या, हात दाद देतोय, उद्या याच वेळेला या.

घरी जाताना सुनेने विचारलं, खारूताई आता कुठे असतात? मावशी डाव्या हाताने आपला उजवा हात खांद्यापासून कोपरापर्यंत कुरवाळत आल्या आणि तिथेच थबकल्या. रुळाने बाही धरली त्या दिवसानंतर कोपराखाली खारूताईला हात उरला नव्हता.

आता उठाल, तेव्हा हाताचा टेकू घेऊन उठाल. त्या वेळी देवाचं नाव घ्या, आणि जमलं तर खारूताईची आठवण ठेवा.