हात बदलल्याची खूण

आमच्याकडे बाहुल्यांचे कपडे विणतात. लोक कारखाना म्हणतात, पण जिना चढून वर आलात की दिसते ती एक लांबट खोली, तीन खिडक्या आणि सात बायका. प्रत्येकीच्या मांडीवर वीतभर लांबीचा लाकडी माग. त्याच्या खाचांतून उभे धागे ताणलेले. आडवा धागा जाड सुईनं घालायचा आणि छोट्या फणीनं ठोकून बसवायचा. शाली, झगे, पांघरुणं. ज्या बाहुल्यांसाठी हे जातं त्यांच्याकडे आमच्यापेक्षा जास्त कपडे आहेत, हे मी खात्रीनं सांगते.

मी विणत नाही, तपासते. खिडकीपाशी माझं टेबल, त्यावर भिंग आणि वही. बायका मला तोंडावर मावशी म्हणतात आणि पाठीमागे भिंग. वहीत मी कापडातल्या खोडी टिपून ठेवते. खरं तर खोड कापडाला नसते, बाईला असते. आमच्यातली सगळ्यात जुनी विणकरीण म्हणजे कात्री. जिभेवरून नाव पडलंय. ती नवऱ्याशी भांडून आली की तिच्या ओळी सुई शिरणार नाही इतक्या घट्ट. तिच्या शेजारणीची सासू लेकीकडे राहायला गेली की हिचं कापड आठवडाभर मोकळा श्वास घेतं. एकीचं जमलंय हे तिच्या आईच्या आधी मला कळलं होतं. बोटभर कापडात तीन चुका म्हणजे दुसरं काय असणार?

डावरीचा हात तर डोळे मिटूनही ओळखावा असा. ती डाव्या हातानं विणायची. तिच्या ओळी किंचित उताराला लागलेल्या असत आणि उजवा काठ दर चार-पाच ओळींनी जरासा सुटलेला. मी दर वेळी बोलायचे, ती दर वेळी हसायची. “मावशी, बाहुली आली का तक्रार घेऊन?”

ती तापाचं निमित्त होऊन पाच दिवसांत गेली. मागे राहिला घड्याळं दुरुस्त करणारा नवरा, सहा वर्षांची मुलगी आणि घरच्या मागावर मुलीच्या बाहुलीसाठी घातलेली निळी शाल, अर्धीच. मुलीला सगळे ठिपकी म्हणतात. आहेच तेवढीशी.

वर्ष भरायच्या आत घड्याळवाल्यानं दुसरं लग्न केलं. ती बाईही विणणारीच निघाली, म्हणून आमच्याकडे कामाला आली. नाव पडलं नवी. उजव्या हाताची. ओळी अशा की पट्टी ठेवून आखल्यात. माझ्या वहीत तिचं पान बरेच दिवस कोरं होतं, आणि मला कोऱ्या पानाचा जरा रागच येतो.

शाळा सुटली की ठिपकी वर येऊन खिडकीच्या कट्ट्यावर बसायची. नवीला ती ‘तुम्ही’ म्हणायची. “तुम्ही निघताय का? तुमची पिशवी राहिली.” दुकानदाराशी बोलावं तसं. उद्धट अजिबात नाही, तेच तर वाईट.

“काय गं,” कात्री एकदा म्हणाली, “त्या घरात तू भाड्यानं राहतेस का?”

सगळ्या हसल्या. नवीही हसली. पण त्या दिवशी तिच्या पानावर पहिली नोंद झाली : ओळ सोडली, एक.

नंतर हात धुताना ती माझ्याशी हळूच बोलली. “मावशी, मला दुसरं काही नको. तिनं एकदा आई म्हणावं. एकदाच. मग नाही म्हटलं तरी चालेल.”

“एकदाच हवं असणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत,” मी म्हटलं. तिला बरं वाटावं म्हणून काही चांगलं बोलायला हवं होतं.

डावरीची अर्धी शाल घरी कपाटावर मागासकट ठेवलेली होती. ठिपकी रोज स्टुलावर चढून तिच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवायची आणि म्हणायची, “इथपर्यंत आई.” मग उतरून खेळायला जायची. नवीनं हे रोज पाहिलं आणि तिच्या मनानं घेतलं की आपण ही शाल पुरी करायची. तीही अशी, की डावरीनंच पुरी केलीय असं वाटावं.

आता आमच्या कामातला एक नियम सांगते. एकीचं अर्धं राहिलेलं काम दुसरीनं घेतलं, तर आधी एक लाल धागा घालायचा. इथं हात बदलला, अशी खूण. माझं तपासून झालं की मी तो ओढून काढते. एवढंसं काम, पण त्याला सूट नाही. नवीला हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं.

तिनं नमुन्यांच्या खणातून डावरीची जुनी कामं नेली आणि घरी डाव्या हातानं सराव सुरू केला. मला कोणी सांगितलं नाही, कापडानं सांगितलं. आधी तिच्या एका झग्याचा उजवा काठ सुटला. मग दुसऱ्याचा. महिन्याभरात तिच्या ओळी उताराला लागल्या, तेही इथं, आमच्यासमोर, उजव्या हातानं विणताना. मी विचारलं तेव्हा म्हणाली, “हात दुखतो हल्ली.” कात्रीनं टेबलावरचा तुकडा उचलला, उलटापालटा केला आणि सुटलेल्या काठावरून बोट फिरवून ठेवून दिला.

आणि नवीनं सुट्टी घेतलेल्या एका दुपारी ठिपकी शाल छातीशी धरून जिना चढून आली. मागोमाग नवी, धापा टाकत.

“मावशी,” ठिपकी म्हणाली, “आई कुठे संपते?”

फण्या थांबल्या.

“मी बोट ठेवायला गेले तर जागाच नाही. सगळी सारखी झालीय. तुम्ही भिंगातून बघा आणि सांगा.”

मी बघितलं. खालून वर, वरून खाली. ओळ न् ओळ उताराची. काठ दर चार-पाच ओळींनी सुटलेला, अगदी टोकापर्यंत. इतक्या वर्षांत मला दोन हातांतला सांधा सापडला नाही असं झालं नव्हतं.

“लाल धागा का नाही घातलास?” मी नवीला विचारलं.

“जोड दिसला असता.”

“दिसायलाच असतो तो! बरं, तू कुठून धरलंस ते तरी आठवतंय?”

तिनं शाल उलटी करून पाहिली. “पहिले आठ दिवस आठवत होतं.”

ठिपकी रडली नाही. रडली असती तर कात्रीनं मांडीवर घेतलं असतं आणि प्रकरण मिटलं असतं. ती म्हणाली, “मला माझी जागा द्या.”

एक उपाय होता. आमची लोकर वर्षभर विणलेली राहिली की तिला वळण लागतं. उसवून ओल्या बोटांतून ओढली तरी ती परत नागमोडीच होते. महिन्याभरात विणलेली असेल तर ओढल्याबरोबर सरळ पडते. वरून एकेक ओळ उसवत यायचं. जिथं धागा सरळ व्हायचा थांबेल, तिथून खाली डावरी.

“म्हणजे आईची एक ओळ जाईल,” मी ठिपकीला सांगितलं.

तिनं विचार केला. “एक चालेल.”

नवीनंच उसवलं. तिचा हक्क होता आणि चूकही तिचीच. पहिली ओळ सुटली. मी वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवली, धागा ओढला, टेबलावर ठेवला.

तो वळवळून नागमोडी झाला.

“आणखी एक,” मी म्हटलं.

दुसरा तसाच. तिसरा तसाच. एव्हाना सगळ्या बायका टेबलाभोवती आल्या होत्या.

“इस्त्री फिरवलीस का यावर?” मी विचारलं. उष्णतेनंही वळण बसतं.

“नाही.”

“वाफ? चुलीपाशी ठेवला होतास माग?”

“कपाटावरच होता, मावशी. आणि ही लोकर तुम्हीच दिलीत मला. गेल्या महिन्यात.”

खरं होतं. निळी लोकर, एक गुंडी, नवीला, घरकामासाठी. मी स्वतः लिहून ठेवलं होतं. त्या दिवशी ती गुंडी नवी कोरी होती, कागदाची पट्टीसुद्धा मी फाडलेली.

“अजून उसवू?” नवीनं विचारलं.

“उसव.”

चौथा. पाचवा. सहावा धागा टेबलावर ठेवला तेव्हा मी भिंग उचललंच नाही. लागत नव्हतं.

“अगं, हे मी विणलंय,” नवी म्हणाली. मला की पोरीला, कळलं नाही. “रोज रात्री, घर झोपल्यावर, दिव्याशी बसून ओळ-दोन ओळी विणलंय. वरचं तरी माझं आहे. हे एवढं तरी.” तिनं दोन बोटांत अंतर धरून दाखवलं. मग ते थोडं कमी केलं. मग आणखी थोडं.

ठिपकीनं शालीवर पालथा हात ठेवला. “पुरे.”

“सापडली जागा?” कात्रीनं विचारलं. इतक्या हळू आवाजात बोलता येतं तिला, हे मला माहीत नव्हतं.

“नको आता,” ठिपकी म्हणाली. तिचा चेहरा एकदम खुलला होता. “संपलीच नाहीये.”

तिनं सहाही धागे नीट गोळा केले, शालीत गुंडाळले आणि नवीचं बोट धरलं.

“चल ना आई. उसवलेलं परत घालायचंय तुला.”

आठ महिने नवी या शब्दासाठी जगली होती. मला वाटलं, आता रडेल, पोरीला उचलून घेईल. मी नजरही वळवून घेणार होते, अशा वेळी बघू नये म्हणतात. पण नवीनं आधी मागे वळून पाहिलं. कोणाला हाक मारली ते बघावं तसं. मागे नुसती भिंत होती.

“आई!” ठिपकीनं बोट ओढलं.

“ओ,” नवी म्हणाली.

म्हणाली आणि जागीच थबकली, मान किंचित कलती करून. आपल्या तोंडून ओ नक्की कोणी दिली ते ऐकत असल्यासारखी. मग पोरीच्या मागोमाग जिना उतरून गेली.