बोडीतली वाकडी पिल्लं

सावली गावापलीकडच्या एका खेड्यात मोठ्या तलावाच्या खालच्या अंगाला एक बोडी, म्हणजे लहानसं तळं, होतं. पावसाळ्यात मासळी अंडी टाकायला तलावाच्या काठाशी उथळ पाण्यात चढली की ढिवर मंडळी फडक्यात ती अंडी धरत आणि बोडीत सोडत. पिल्लं बोटभर झाली की तलावात जात. पुढची सारी मासेमारी या पिल्लांवरच अवलंबून. बोडीची राखण ताराबाईकडे होती.

त्या साली अंडी फुटली, पण पिल्लं वर येईनात. ताराबाईने फडकं बुडवून उचललं. शेपट्या वाकलेली, पोटं फुगलेली पिल्लं जागच्या जागी गरगर फिरत होती. बरीच अंडी तर फुटलीच नव्हती, पांढरी पडली होती.

"देवीचा कोप हाये, वयनी," तिचा दीर मनसाराम म्हणाला.

बोडीत सोडायची राहिलेली थोडी अंडी घरी मडक्यात, विहिरीच्या पाण्यात होती. ताराबाईने जाऊन पाहिलं. त्यांतून निघालेली पिल्लं सरळ होती, चपळ होती. अंडी तीच, पाणी तेवढं वेगळं. मग तिला आठवलं, हिवतापाची फवारणी करणारी माणसं घराघरांच्या भिंतींवर डीडीटी मारून बोडीवरच पंप आणि बादल्या धूत होती. काठाचं पाणी दुधासारखं झालं होतं.

गाव जमलं तेव्हा तिने हे सांगितलं. मनसाराम उसळला. "मंग पुढच्या साली त्याईले गावात पाय ठेवू देऊ नका."

माना डोलल्या. ताराबाई उठून उभी राहिली.

"माही पोर हिवानं गेली, भाऊजी. तुमचाबी पोरगा गेला. यंदा कोणाचं लेकरू थरथरलं नाई. फवारणी बंद कराची नाई, बोडीवर पंप धुणं बंद कराचं."

मनसाराम खाली पाहत बसला.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर तिने दोघी बायांना घेऊन पंप-बादल्या धुवायला माळावर खड्डा खणला आणि घागरींनी पाणी वाहून भरला. फवारणीवाल्यांचा मुकादम मुखरू बोडीकडे वळला तशी ती आडवी आली.

"इथी नाई. तिकडं पाणी भरून ठेवलं हाये."

"बाई, या औषधानं माणसाले काई होत नाई. आमाले तसंच सांगतलं हाये."

"माणसाले नाई होत. पिल्ल्याईले होते."

मुखरूने बोडीकडे पाहिलं आणि तो माणसांना घेऊन माळाकडे गेला.

त्या साली अंडी फुटली आणि पिल्लांचे थवे वर आले. मनसाराम हसला. ताराबाईने मात्र फडकं पुन्हा पुन्हा बुडवलं. दर खेपेला दोन-चार पिल्लं वाकडी निघत होती. पाऊस जोराचा होता. वळचणींचं पाणी औषध मारलेल्या भिंती धूत गल्लीतून थेट बोडीत उतरत होतं.

ती फावडं घेऊन आली आणि गल्लीच्या तोंडाशी नाली खोदायला लागली. थोड्या वेळाने मनसारामही आपलं फावडं घेऊन आला. दोघं खणत राहिली. नालीला उतार मिळाला, पाणी बोडी सोडून वळलं.

मनसाराम हात थांबवून म्हणाला, "वयनी, हे पाणी आता कुठी जाईन?"

ताराबाईने मान वर केली. नालीच्या उताराखाली धानशेतीच्या बांध्या पाण्याने भरल्या होत्या, आणि त्यांच्या पलीकडे वैनगंगा नदी. तिने फावडं पुन्हा मातीत घातलं.