चुलीचं नरडं

गल्लीतल्या बायका तिला तोंडावर काकू म्हणायच्या आणि पाठीमागे फौजदारीण. नवरा बिचारा साधा सुतार; फौजदारी सगळी हिच्या जिभेत. त्यामुळे बिनधुराची चूल बांधायला शिकवणारी बाई पहिल्यांदा तिच्या दारात उभी राहिली, तेव्हा शेजारणी हातातली कामं टाकून गंमत बघायला थांबल्या. गंमत झालीच. काकूने बाईला नखशिखान्त न्याहाळलं आणि विचारलं, लग्न झालंय का, आणि झालं असेल तर घरी रांधतं कोण. चाळीस वर्षं चुलीपुढे बसलेल्या बाईला चूल शिकवायची म्हणजे माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवायचं.

तरी दुसऱ्या दिवशी बाईच्या वर्गात सगळ्यांच्या पुढे काकूच बसलेली. त्याला कारण होतं. आठ महिन्यांची नात खोकून खोकून निळी पडायची. डॉक्टरने साफ सांगितलं होतं, हिला धुरापासून लांब ठेवा. सुनेने त्याच दिवशी पोर उचलली आणि माहेर गाठलं. जाताना एवढंच बोलली, "आई, घरात धूर आहे तोवर मी हिला आणणार नाही." भांडली असती तर काकूकडे दहा उत्तरं होती. पण सून भांडली नाही, खरं तेच बोलली.

मग काकूने माती चाळली, भुसा घालून तुडवली, कोणाला हात लावू दिला नाही. पुढे लाकडं घालायचं तोंड, वर दोन भांड्यांच्या जागा, आणि मागच्या भांड्याखालून धुराड्याकडे जाणारी वाट. या वाटेतून बंद मूठ आरपार गेली पाहिजे, हे बाईने इतक्यांदा बजावलं, की काकूने तिला आपण बहिऱ्या नसल्याचं ऐकवलं.

चूल झाली ती अशी, की धूर मुकाट्याने छपराबाहेर जाऊ लागला. तीन आठवडे भिंतीला काजळीचा ठिपका नाही. काकूने मुलाला सांगितलं, आता जा आणि दोघींना घेऊन ये. मुलगा शनिवारी गेला. रविवारी दुपारच्या गाडीने येणार होते.

आणि रविवारी सकाळी चुलीने दगा दिला. तशी ती दोन दिवस कुरकुरतच होती, पण काकूने ओल्या लाकडांना शिव्या घालून वेळ मारून नेली होती. आज धुराड्यातून काही जाईना, सगळा धूर तोंडातून घरात. काकूने फुंकलं, डोळे चोळले, पुन्हा फुंकलं. आढं दिसेनासं झालं. सून उंबऱ्यातूनच मागे फिरेल, आणि एकदा मागे फिरलेली सून पुन्हा बोलावून येत नाही, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

बाई तेव्हा दोन घरं सोडून कोणाची तरी माती मळत होती. काकूने तिला तशीच चिखलाच्या हातांनी ओढत आणलं. वाटेत तिचा धुराड्याचा नळा वाईट, तिची माप घ्यायची काठी वाईट, तिची शिकवणी वाईट, सगळं सांगून झालं. बाईने आधी विस्तव काढून टाकला, चूल निवू दिली आणि मागचं भांडं उचलून बाजूला ठेवलं.

"काकू, हात घाला."

काकूने मूठ घातली. ती अडली. मग नुसती बोटं घातली. तीन गेली, चौथं बाहेर राहिलं.

"आतून माती कोण लावतं?" बाईने विचारलं.

दारात उभ्या असलेल्या सुताराने तोंड उघडलं, पण बायकोकडे बघितल्यावर त्याला एक फळी तासायची राहिल्याचं आठवलं. लावणार कोण? काकूच. सून येणार म्हणून चूल आरशासारखी दिसावी, तर सकाळ-संध्याकाळ पातळ मातीचा हात, बाहेरून आणि आतूनही, जिथवर बोटं पोचतील तिथवर. थरावर थर. लाडाने चुलीचं नरडंच आवळलं होतं.

"मीच लावते," काकू म्हणाली. आवाज इतका बारीक, की बाईला दुसरीकडे बघावं लागलं.

"बाहेरून खुशाल लावा. आतून खरवडायचं." आणि हळूच म्हणाली, "माझ्या आईनेही असंच केलं होतं."

खरं असेल नसेल, काकूला ते बरं वाटलं. तिने पळी घेतली आणि कोपरापर्यंत हात घालून खरवडायला बसली. ढेपाच्या ढेपा निघाल्या. मूठ आरपार गेली तेव्हाच बाहेर सुनेचा आवाज आला. सारवासारव करायला वेळच उरला नाही. काडी ओढली, लाकडं पेटली. पहिला झोत पुढे आला, घुटमळला, आणि कोणीतरी बोलावल्यासारखा मागे वळून धुराड्यात शिरला. दुसरा आलाच नाही.

सून पोरीला खांद्यावर घेऊन दारात उभी होती, मागे काकूचा मुलगा. तिने आढ्याकडे बघितलं. सकाळचा धूर एव्हाना निघून गेला होता. मग सासूच्या काळ्या हाताकडे बघितलं. पोर एकदा शिंकली. काकू, बाई आणि सून, तिघींचे डोळे पोरीवर. पण खोकला आला नाही. पोर बापाची टोपी ओढण्यात रमली.

"सकाळी धूर झाला होता," काकूने आपण होऊन सांगितलं. "चूक माझी होती. आता नीट केलंय."

सुनेने पिशवी उघडली आणि ओले लंगोट बाहेर काढले.

"आई, हे वाळत घालायला दोरी कुठे बांधू?"

"मला काय विचारतेस? घर तुझं नाही का?" काकू करवादली, आणि काळ्या हातांनीच दोरी शोधायला लागली.